पाय बरा आहे

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, आणि गोठ्यातल्या गाईंचे खूर सडायला लागले होते. सडक्या खुराचा वास ज्याने घेतला नाही, त्याला तो सांगून कळायचा नाही. नासलेलं दूध, ओलं चामडं आणि मेलेला उंदीर एकत्र केला तरी तो परवडला. हा वास आधी गोठ्यात होता, मग अंगणात आला, मग घरात शिरला आणि शेवटी पांघरुणात जाऊन बसला. वहिनी तोंडाला फडकं बांधून धारा काढायची. आई दुधाचं भांडं नाकाशी नेऊन म्हणायची, "दुधाला नाही हो लागला वास." लागला होता. चहात दूध टाकलं की कळायचा.

ढुशी घरी आली ती या राड्यात. ढुशी म्हणजे घरातली धाकटी. लहानपणी गोठ्यामागच्या माळावर पोरांशी फुटबॉल खेळताना चेंडू अंगावर आला की ही पाय सोडून डोकंच पुढे करायची, वासरासारखं. गावाने नाव ठेवलं ढुशी. पुढे तेच नाव मैदानातले लोक ओरडायला लागले आणि भिंतीवरच्या चित्रांखाली छापून यायला लागलं.

"सुट्टी आहे," असं तिने घरी सांगितलं होतं. सुट्टी कसली! क्लबने तिला काढलं होतं, तेही फोनवर, तेही कचेरीतल्या कारकुनाच्या तोंडून. सामान न्यायला गेली तर तिचे बूट, पट्ट्या आणि टॉवेल कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबून दाराबाहेर ठेवलेले. पिशवीला गाठ मारायचे कष्टही कोणी घेतले नव्हते.

तिची वाटचाल गावाला तोंडपाठ होती. शाळेतल्या खेळाच्या मास्तरांनी तिला मुलांच्या संघात घेतलं. तिथून जिल्हा, जिल्ह्यातून वसतिगृह, वसतिगृहातून क्लब, क्लबातून देशाचा संघ. देशाचा सदरा अंगात आला तेव्हा गावाने तिला ट्रॅक्टरवर उभं करून फिरवलं होतं. गावाला ठाऊक नव्हतं ते निराळंच. पुरुषांचा संघ आंघोळी करून गेला की त्याच खोलीत पोरींनी कपडे बदलायचे. मोरीच्या जाळीवर केसांचे पुंजके आणि थुंकी तरंगत असायची. दर आठवड्याला आतल्या कपड्यांवर वजनकाट्यावर उभं राहायचं, आणि नेमके त्याच वेळी क्लबचे अध्यक्ष चहाचा कप घेऊन 'सहज' येऊन बसायचे. मग एका सामन्यात डावा गुडघा फिरला. शस्त्रक्रिया झाली, पण पाय भरून यायला वेळ द्यायची कोणाची तयारी नव्हती. सामन्याआधी सामानाच्या खोलीत, चेंडूंच्या ढिगावर बसवून, फिजिओ तिच्या गुडघ्यातलं पाणी काढायचा. पिवळं, चिकट, कधी तांबूस. ते तो चहाच्या कागदी कपात सोडायचा आणि कप तिथेच फळीवर ठेवून द्यायचा. मग दुसरी सुई, बधिर करणारी. मग तो विचारायचा, "पाय कसा आहे?" ती म्हणायची, "बरा आहे." एवढं म्हटलं की मैदानात जायला मिळायचं. पुढे पुढे विचारायच्या आधीच तिच्या तोंडून ते यायला लागलं.

काढून टाकल्यावर तिने स्वतःहून एका बाहेरच्या डॉक्टरला पाय दाखवला. तो सरळ माणूस होता. म्हणाला, "आणखी एक हंगाम खेळलात तर हा गुडघा पुन्हा दुमडणार नाही. जमिनीवर बसणंसुद्धा विसरा." हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं.

गोठ्यात मात्र पाय लपेना. खूर साफ करायचं काम घरातल्या सगळ्यांच्या वाट्याला आलं होतं. गाईचा पाय मागून उचलायचा, आपल्या दोन गुडघ्यांत धरायचा, वाकायचं, आणि वाकड्या सुरीने बेचक्यातली सड खरवडून काढायची. गाय सगळा भार आपल्यावर टाकते. ढुशीने तांबडीचा पाय उचलला आणि डाव्या गुडघ्यात अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. सुरी सुटली. खुरातून करड्या पुवाची पिचकारी तिच्या हनुवटीवर उडाली.

"पूस ते," बाप म्हणाला. "तोंड मिटून ठेवावं या कामात."

बाप बोलायचा थोडं, आणि बोलायचा तेही गाईंबद्दल. त्याने तिच्या हातातून पाय घेतला, खुराच्या बेचक्यात बोट घातलं, वास घेतला आणि मान हलवली. "ही गेली. आतपर्यंत पोचलंय. विकून टाकू."

"अशी? कोण घेईल?"

"घेतील," बाप म्हणाला.

तेवढ्यात थोरला भाऊ मोबाइल हातात धरून गोठ्याच्या दारात आला. तो आत यायचा नाही, बुटांना लागतं म्हणून. गोठा त्याचा, गाई त्याच्या, पण राडा बाकीच्यांचा. त्याला गोठ्यात सिमेंटची फरशी करायची होती. फरशी झाली की खूर सडणार नाहीत, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. फरशी कोणाच्या पैशांतून करायची, तेही त्याने ठरवून टाकलं होतं.

"परवा येतायत बरं का," तो म्हणाला. "एजंट आणि नव्या क्लबचे साहेब. इथेच माळावर बघतील तुला. शाळेच्या पोरी गोळा करतो, खेळ थोडं त्यांच्याबरोबर."

"मी हो म्हटलं नव्हतं, दादा."

"नाही पण म्हटलं नव्हतंस." तो हसला. मग तिच्या पायाकडे बघून आवाज खाली आणला. "आणि हे लंगडणं तेवढं आवर. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्याला ठाऊक होतं तर. ढुशीने बाहीने हनुवटी पुसली. वास बाहीला लागला, हनुवटीचाही गेला नाही.

तिला जायचं नव्हतं असं मात्र नाही. खोटं कशाला बोला? चेंडू पायाशी आला की ती अजून सगळं विसरायची. दुसरं काहीच तिला येत नव्हतं. इथे राहायचं म्हणजे हा गोठा, ही सुरी, आणि वहिनीने ताट वाढताना सोडलेला तो बारीक सुस्कारा. एक हंगाम खेळायला मिळाला असता तर पुढचं पुढे, असंही तिला वाटायचं. मग जिना उतरताना कठडा धरावा लागला की ते वाटणं जिन्यातच राहायचं.

दुसऱ्या दिवशी बापाने तांबडीची तयारी केली. आधी सडका खूर थंड पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवला, म्हणजे हाताला गरम लागू नये. मग मेणबत्ती वितळवून सडलेल्या खाचेत मेण भरलं आणि वरून चिखल चोळला. वास मारायला चारही पायांना रॉकेल पुसलं, माशांसाठी पुसतात तसं. एवढं करूनही गाय तो मागचा डावा पाय उचलत होतीच.

"उजवा धर," बाप म्हणाला.

"उजवा तर चांगलाय."

"म्हणून तर धर."

ढुशीने उजवा पाय धरला. बापाने खिशातून सुपारीएवढा धारदार खडा काढला आणि त्या चांगल्या खुराच्या बेचक्यात अंगठ्याने खोल दाबून बसवला. गाय थरथरली. बापाने तिच्या पाठीवर थाप मारली आणि तिला चालवलं. आता तिचे दोन्ही मागचे पाय दुखत होते, त्यामुळे ती एकावरही लंगडत नव्हती. हळूहळू, जपून, एखाद्या शहाण्या गाईसारखी चालत होती.

"याला बरोबरी करणं म्हणतात," बाप म्हणाला. त्याच्या आवाजात जरासा अभिमान होता. "एक पाय दुखला तर दिसतं. दोन्ही दुखले की लोक म्हणतात, गरीब आहे बिचारी."

ढुशीने आपल्या दोन्ही गुडघ्यांकडे बघितलं. गेले दोन हंगाम तिने दोन्ही गुडघ्यांना सारखीच पट्टी बांधली होती, म्हणजे दुखरा कोणता ते कळू नये. तिला वाटायचं ही आपली अक्कल. ती घरचीच निघाली.

गिऱ्हाईक दुपारी आलं. बस थांब्यावर चहाची टपरी चालवणारी बाई. नवरा गेल्यापासून एकटीच सगळं बघायची. रोज यांच्याकडूनच दूध घ्यायची, आणि आता दारात स्वतःची गाय बांधावी असं मनात घेतलं होतं. बाई बोलायला फटकळ, बघायला चोख. तिने तांबडीचे दात बघितले, कास दाबून बघितली. मग पावसात तशीच चिखलात गुडघे टेकून बसली आणि एकेक पाय चाचपायला लागली. "तुमच्याकडे खूर सडलेत म्हणे," ती म्हणाली.

"काहींचे," बाप म्हणाला. "हिचे नाही."

टपरीवालीने डावा खूर हातात घेतला. बोट फिरवलं. गार लागला, गुळगुळीत लागला. उजवा तिने नुसता वरून बघितला, कारण गावात कुजबुज होती ती तांबडीच्या डाव्या पायाची. मग उठली, हात झटकले आणि बापाकडे नाही, ढुशीकडे बघितलं.

"तू फिरवून दाखव गं. तू धावणारी पोर, तुला पायाचं कळतं."

ढुशीने दावं धरलं आणि अंगणातून फेरी मारली. पुढे ती, मागे तांबडी, दोघी जपून. भाऊ ओट्यावरून बघत होता, आई दारातून.

"खरं सांग," टपरीवाली म्हणाली. "यांच्यावर माझा विश्वास नाही, विकणारे आहेत ते. तुझ्यावर आहे. पाय बरा आहे ना हिचा?"

"बरा आहे," ढुशी म्हणाली.

विचार करायला सवडच मिळाली नाही. सवयीने आलं, ढेकर येतो तसं. टपरीवालीने मान डोलावली, दावं घेतलं आणि गाय घेऊन गेली. गाय तिच्यामागे निमूट चालली. आई म्हणाली, "सुटलो." भाऊ म्हणाला, "शाबास!" ढुशी गोठ्यामागे गेली आणि ओकली. पोटात फारसं काही नव्हतं, तरी बराच वेळ ओकत राहिली.

तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. एजंट पांढरे बूट घालून आला होता आणि गाडीतून उतरताक्षणी घोट्यापर्यंत चिखलात गेला. साहेब गाडीतून उतरलेच नाहीत. काच खाली करून आत बसून शेंगा सोलत होते आणि टरफलं बाहेर माळावर टाकत होते. भाऊ त्यांच्यावर छत्री धरून उभा होता, गाडीला छप्पर असताना.

ढुशीने दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या आवळल्या आणि मैदानात उतरली. शाळेच्या पोरी तिच्याभोवती गोळा झाल्या, एकीने तर हात लावून बघितला. खेळ सुरू झाला. आता काय सांगावं, पहिला चेंडू पायाशी आला आणि तिला बरं वाटलं. चिखलातून तो अडखळत येत होता, पण तिने तो थांबवला, एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं. उंच आलेला चेंडू तिने डोक्याने असा मारला की गोलात उभी असलेली पोर टाळ्या वाजवायला लागली. खाली उतरताना डाव्या पायावर भार आला. गुडघ्याच्या आत ओलं काहीतरी सरकल्यासारखं झालं. तिने दात आवळले आणि उजवाही तितकाच जपून टाकत परत आली. कोणाला काही दिसलं नाही. बाप माळाच्या कडेला उकिडवा बसला होता. त्याला दिसलं.

एजंटने तिला गाडीपाशी बोलावलं. साहेबांनी तिला वरून खालपर्यंत बघितलं, भाजीवाल्याकडे काकडी बघतात तसं, आणि म्हणाले, "जरा वळ." ती वळली नाही. साहेब हसले. "तिखट आहे. चित्रात चांगली दिसेल."

"वजन किती?" एजंटने विचारलं. "आणि यंदा लग्नबिग्न नाही ना?"

"नाही, नाही," भाऊच म्हणाला. "लग्नाचं नावसुद्धा नाही."

"बस, मग झालं," साहेब म्हणाले. "सही करून टाका. दम फार उरला नसला तरी नाव आहे. देशाकडून खेळलेली एक तरी पोरगी संघात हवी, असा स्पर्धेचा नियम आहे."

ढुशी म्हणाली, "माझा गुडघा बघणार नाही?"

भावाने छत्रीची दांडी घट्ट धरली. एजंट घाईने म्हणाला, "अहो, ती गंमत करते."

"बघा ना," ती म्हणाली. तिने वाकून डाव्या गुडघ्याची पट्टी सोडली आणि पाय गाडीच्या दाराशी पुढे केला. गुडघा फुगून चकचकीत झाला होता, वाटी कुठे ते कळत नव्हतं. कातडीवर सुयांचे जुने काळे डाग होते. "हात लावून बघा. गरम आहे."

साहेबांनी तोंड फिरवलं. "झाका ते," ते म्हणाले. "शेंगा खातोय मी." मग, अगदी समजुतीने, "अगं, आम्हाला ठाऊक आहे. क्लबाक्लबांत बोलणं होतं. आमच्याकडे सुई टोचणारा आहे, सामन्यापुरतं भागवू. एकच हंगाम तर आहे. पुढच्या वर्षी तू आमची थोडीच असणार?"

असं म्हणून त्यांनी काच वर केली. एजंट म्हणाला, कागद उद्या पाठवतो, आणि चिखलातून बूट उपसत गाडीत बसला. भावाने छत्री मिटली. त्याचा चेहरा उजळला होता.

"बघितलंस?" तो ढुशीला म्हणाला. "मी उगाच घाबरत होतो. पायाचं त्यांना काहीच नाही! दाखवलास तरी घेतलं!"

बाप उठून जवळ आला होता. तो भावाशी बोलला नाही. ढुशीच्या उघड्या गुडघ्याकडे बघत म्हणाला, "जाऊ नको."

"का, बाबा?" भाऊ चिडला. "आता तुमचं काय मध्येच?"

"पाय बघत नाही तो पाळायला नेत नाही," बाप म्हणाला. "आयुष्य गेलं माझं बाजारात. पाय न बघता गाय एकच माणूस उचलतो. त्याला ती चालवायचीच नसते."

ढुशीने बापाकडे बघितलं. याला कळतं, सगळं कळतं, आणि हाच काल खडा दाबत होता. तिला त्याची किळस आली आणि त्याच घासात दयाही आली, आणि दोन्ही गिळवेनात.

"ती टपरीवाली तर बघत होती पाय," ती म्हणाली. "चिखलात बसून बघत होती. ती पाळायलाच नेत होती, बाबा. तिला आपण काय दिलं?"

भाऊ म्हणाला, "त्याचा इथे काय संबंध? तू सही करणार की नाही ते सांग."

"नाही करणार."

"मग खाशील काय? गोठ्यात बसशील जन्मभर?"

"बसता येईल तोवर बसेन," ती म्हणाली आणि चालायला लागली.

ती घरी गेली नाही. माळ ओलांडून टपरीवालीच्या घराकडे निघाली. डाव्या गुडघ्याची पट्टी तिने परत बांधली नाही. उजव्याचीही सोडून खिशात घातली, आणि जन्मात पहिल्यांदा लोकांदेखत लंगडली. शाळेच्या पोरी बघत राहिल्या. दुकानाच्या पायरीवरचा न्हावी वस्तरा थांबवून बघत राहिला. "काय गं ढुशे, आज पडलीस वाटतं?" त्याने विचारलं. ती थांबली नाही.

टपरीवालीच्या परसात तांबडी उभी नव्हती, आडवी पडली होती. उजव्या खुराच्या बेचक्यातून रक्त आलं होतं, डाव्यातलं मेण निघालं होतं, आणि सगळ्या परसात तो वास भरला होता. शेजारी गरम पाण्याची बादली, मीठ आणि फडक्यांची चळत. बाई सकाळपासून टपरी उघडायला गेलेली दिसत नव्हती.

"आलीस?" तिने मान वर न करता विचारलं.

"गाय परत न्यायला आले. तुमचे सगळे पैसे परत देऊ. बाबा देतील, मी देईन."

"कशाला नेतेस? पुन्हा मेण भरून दुसऱ्याला विकायला?" टपरीवाली उठून तिच्यासमोर उभी राहिली. तिच्या तोंडावर जे होतं ते ढुशी ओळखत होती. गेले कित्येक दिवस ती स्वतः लोकांकडे याच तोंडाने बघत आली होती. "मी त्यांना विचारलंच नव्हतं. तुला विचारलं होतं. तुला."

"चुकलं माझं."

"चुकलं नाही. चुकतं ते न कळता." टपरीवाली थुंकली, पायाजवळच. "गाय मी देत नाही. आता माझी आहे ती. जगली तर माझ्या दारात, मेली तर माझ्या दारात. तुमच्या घरात नाही जायची."

ढुशी परत वळली तेव्हा मागून आवाज आला.

"कुठे चाललीस? एकटीने होत नाही हे. पाय झाडते ती. आलीच आहेस तर धर."

ढुशी मागे आली. उकिडवं बसायला गेली आणि गुडघा दुमडेना. मग ती तशीच धपकन शेणात बसली, डावा पाय लांब सरळ टाकून, आणि तांबडीचा खूर मांडीवर घेतला. गरम पू तिच्या बोटांवरून ओघळला. टपरीवाली मिठाच्या पाण्यात फडकं बुडवत होती. तिची नजर त्या लांब टाकलेल्या पायावर गेली आणि तिथेच थांबली. मग तिने ओल्या हाताने गुडघ्याची वाटी दाबली, नीट, चारी बाजूंनी, काल गाईचा पाय चाचपत होती तशी.

"हा कसा आहे?" तिने विचारलं.

जीभ सवयीने उचलली गेली होती. ढुशीने ती दातांत धरली.

"गेलाय," ती म्हणाली.

"हं," टपरीवाली म्हणाली. "मग हलू नको. खूर वर धर."